साडेत्रेसष्ट अंशांचा उजेड

गोवंडी-मानखुर्दच्या काही पुनर्वसन वसाहतींत खालच्या मजल्यांवरच्या घरांत भर दुपारी बारा वाजताही ट्यूबलाइट सुरू असते. खिडकी आहे, पण ती उघडली की समोर दुसऱ्या इमारतीची खिडकी येते. मधल्या चिंचोळ्या हाऊसगल्लीत वरून टाकलेला कचरा साचलेला असतो. त्याची दुर्गंधी, डास आणि समोरच्यांची नजर टाळायची म्हणून खिडकी बंदच ठेवली जाते. वाळत घातलेले कपडे दोन-दोन दिवस दमट राहतात आणि भिंतींना ओल येते. अशा घरात कुणाला खोकला लागला तर डॉक्टर औषध देतात, पोटभर सकस खा म्हणतात आणि शेवटी सांगतात, ‘‘घरात हवा खेळती ठेवा.’’

हवा खेळती ठेवायची कशी, हा प्रश्न मात्र त्या घराच्या हातात नसतो. दोन इमारतींत किती अंतर सोडायचे, रस्ता किती रुंद ठेवायचा, खिडकी कुठे काढायची, हे काही वर्षांपूर्वी एखाद्या कार्यालयात नकाशावर ठरलेले असते. तो नकाशा मंजूर करणाऱ्या टेबलाभोवती अभियंते असतात, नगररचनाकार असतात, लेखापाल असतात. डॉक्टर सहसा नसतो. रस्ते आणि इमारती हा बांधकाम खात्याचा विषय आणि खोकला हा आरोग्य खात्याचा, अशी आपली वाटणी पक्की झाली आहे.

सव्वाशे वर्षांपूर्वी याच मुंबईत ही वाटणी नव्हती. एका साथीने शहराला इतके हादरवले होते की रोग हटवण्यासाठी रस्ते आखणारे एक स्वतंत्र मंडळ कायद्याने उभे राहिले. त्या मंडळाने मोठ्या चुका केल्या, पण एक गोष्ट ते फार चांगली शिकले. आज आपण त्या चुका गिरवतो आहोत आणि शिकलेली गोष्ट विसरलो आहोत.

मांडवीतला ताप

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात रुग्ण तपासणारे डॉ. अकासियो व्हिएगस यांना काही तापकरी वेगळे वाटले. जांघेत किंवा काखेत गाठ, प्रचंड ताप आणि काही दिवसांत मृत्यू. हा गाठीचा प्लेग आहे, असे त्यांनी सांगितले. ते महापालिकेचे सदस्यही होते, त्यामुळे ही बातमी थेट शहराच्या कारभाऱ्यांपर्यंत पोहोचली. आज मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा उभा आहे. त्याच्या शेजारून रोज जाणाऱ्या हजारो माणसांपैकी फार थोड्यांना तो कुणाचा हे माहीत असते.

त्यानंतर शहर रिकामे होऊ लागले. १८९१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ८ लाख २१ हजारांवर होती. १९०१ मध्ये ती ७ लाख ७६ हजारांवर आली. वाढत्या गिरण्यांच्या आणि वाढत्या बंदराच्या शहरात दहा वर्षांत माणसे कमी व्हावीत, यावरून त्या काळाचा अंदाज येतो.

महापालिकेने तेव्हाच्या वैद्यकशास्त्राला सुचेल ते सारे केले. गटारांत समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक ॲसिड सोडले. घरांना चुना फासला. अंधाऱ्या खोल्यांत ऊन यावे म्हणून छपराची कौले काढली. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांच्या दारांवर इंग्रजी अक्षरांत शिक्के उमटले. घरझडती आणि सक्तीने रुग्णालयात नेणे यांमुळे लोक संतापले. पुण्यात या संतापाचा स्फोट जून १८९७ मध्ये रँडच्या हत्येने झाला, हे आपण शाळेत शिकतो.

प्लेगचा जंतू १८९४ मध्येच हाँगकाँगमध्ये सापडला होता. अलेक्झांडर येरसॅं यांनी तो ओळखला होता. पण जंतू एका माणसाकडून दुसऱ्याकडे कसा जातो, हे कुणालाच ठामपणे सांगता येत नव्हते. त्यामुळे जुनी समजूत टिकून होती. रोग कुजकी हवा, ओल आणि अंधार यांतून येतो, अशी ती समजूत होती. एकदा हे मान्य केले की पुढचा निष्कर्ष आपोआप निघत होता. हवा बदलली की रोग जाईल, आणि हवा बदलायची तर रस्ते बदलले पाहिजेत.

चौदा जणांचे मंडळ

१८९८ मध्ये कायदा झाला आणि ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. मराठी माणसाच्या तोंडी त्याची आठवण ‘बीआयटी’ या तीन अक्षरांत उरली आहे. दाट वस्तीतून नवे रस्ते काढणे, कोंदट मोहल्ले मोकळे करणे, समुद्रात भर घालून जमीन मिळवणे आणि गरिबांसाठी आरोग्यदायी घरे बांधणे, ही त्याची कामे होती.

ट्रस्टचा कारभार १४ विश्वस्तांचे मंडळ पाहत असे. महापालिकेने निवडून दिलेले चार सदस्य त्यात होते. बाकीच्यांत सरकारी अधिकारी, सरकारनियुक्त सदस्य आणि व्यापारी, गिरणीमालक व बंदराचे प्रतिनिधी होते. महापालिकेसाठीही तेव्हा मत देता येत असे ते प्रामुख्याने करदात्यांना आणि पदवीधरांच्या वर्तुळातल्यांना. म्हणजे ज्याची खोली पाडली जाणार, त्या चाळकऱ्याच्या बाजूने बोलणारा माणूस मंडळात जवळजवळ नव्हताच. पुढच्या अनेक चुकांचे मूळ इथे आहे.

काम कसे चाले, हे पाहण्यासारखे आहे. अमुक वस्ती राहण्यास घातक आहे, असे अधिकृत निवेदन मंडळासमोर येई. मग अभियंते मोजणी करून नकाशा करत. कोणती घरे पाडायची, रस्ता कुठून काढायचा, खर्च किती, हे त्यात असे. योजनेची जाहीर सूचना निघे आणि हरकती मागवल्या जात. सरकारची मंजुरी मिळाली की जमीन संपादन सुरू होई. भरपाईवरून वाद झाला तर त्यासाठी वेगळे न्यायाधिकरण होते. पैसा येई महापालिकेच्या वार्षिक हिश्शातून, ट्रस्टकडे सोपवलेल्या जमिनींच्या उत्पन्नातून आणि कर्जरोख्यांतून.

कागदावर हे सारे आजच्या व्यवस्थेइतकेच रीतसर दिसते. फरक एकच. योजनेच्या पहिल्या पानावर ‘ही वस्ती आरोग्याला घातक आहे’ हे वाक्य असे. रस्ता हा उपचार होता आणि रोगनिदान झाल्यावरच तो लिहून दिला जात होता.

वारा आणण्यासाठी रस्ता

त्या उपचाराचा सर्वांत ठळक नमुना म्हणजे प्रिन्सेस स्ट्रीट, आजचा शामळदास गांधी मार्ग. तेव्हा मरीन ड्राइव्ह नव्हता. बॅक बेचे पाणी रेल्वे रुळांच्या जवळ येत असे. या किनाऱ्यापासून काळबादेवीच्या दिशेने एक रुंद, सरळ रस्ता काढला की समुद्राचा वारा थेट दाट वस्तीच्या पोटात शिरेल, अशी कल्पना होती. सँडहर्स्ट रोड, म्हणजे आजचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग, यामागेही हाच विचार होता. पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्यासाठी वाट करून द्यायची.

कल्पना वेडगळ नव्हती. मुंबईचा वारा वर्षाचा बराच काळ पश्चिमेकडूनच येतो. त्या रस्त्यांवरून आजही संध्याकाळी चालताना झुळूक जाणवते. पण रस्त्याला लागून असलेल्या पहिल्या रांगेतल्या इमारतींना हवा मिळाली. त्यांच्या मागे दहा पावलांवर असलेल्या खोल्यांतला अंधार तसाच राहिला.

त्याहून गंभीर गोष्ट वेगळी होती. रस्ता काढायचा म्हणजे घरे पाडायची. सुरुवातीच्या वर्षांत पाडकाम पुढे धावले आणि बांधकाम मागे राहिले. ज्यांच्या खोल्या गेल्या ती माणसे हवेत विरली नाहीत. गिरणी, गोदी, बाजार जवळ हवा म्हणून ती शेजारच्याच गल्लीत, आधीच भरलेल्या चाळीत, आणखी दाटीने राहू लागली. भरपाई मालकाला मिळे. महिन्याच्या भाड्याने राहणाऱ्याच्या हाती फारसे काही पडत नसे. आणि भरपाई भाड्याच्या उत्पन्नावर मोजली जात असल्याने, संपादनाआधी इमारतीत जास्तीत जास्त भाडेकरू कोंबण्यात मालकाचा फायदा होता. गर्दी कमी करण्यासाठी आखलेली पद्धत गर्दीलाच बक्षीस देत होती.

पिसवांनी चुकवलेला हिशेब

ट्रस्ट स्थापन झाला त्याच वर्षी, म्हणजे १८९८ मध्ये, कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने एक प्रयोग केला. प्लेग झालेल्या उंदरावरच्या पिसवा निरोगी उंदरापर्यंत पोहोचल्या तर त्याला रोग होतो, दोन उंदरांचा प्रत्यक्ष स्पर्श होण्याची गरज नसते, असे त्यांनी दाखवले. बहुतेक तज्ज्ञांनी ते हसण्यावारी नेले.

निर्णायक पुरावा मिळाला तो मुंबईतच. १९०५ पासून प्लेग संशोधन आयोगाने परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेच्या वास्तूत, काम सुरू केले. संशोधक प्लेग झालेल्या घरांत गिनीपिगचे पिंजरे ठेवत. काही पिंजऱ्यांना पिसू शिरणार नाही अशी बारीक जाळी किंवा भोवती चिकट पट्टा असे. हवा दोन्ही पिंजऱ्यांत तीच, ओल तीच, अंधार तोच. जाळीबाहेरचे प्राणी मेले, जाळीतले वाचले. कुजक्या हवेचा सिद्धांत प्लेगपुरता तिथेच संपला. दोष उंदीर आणि त्याच्या पिसवेचा होता.

आता मागे वळून पाहिले तर काही उपाय उलटे पडले असावेत असे दिसते. गटारे धुऊन काढली आणि घरे पाडली की उंदीर मरत नाहीत, स्थलांतर करतात. त्यांच्याबरोबर पिसवाही जातात. भारतभरात या साथीने पुढच्या दोन दशकांत एक कोटीहून अधिक माणसांचा बळी घेतला.

मग ट्रस्टचे सारे काम व्यर्थ होते का? इथे गोष्ट वळण घेते. प्लेगच्या बाबतीत चुकलेला हवा-उजेडाचा हिशेब दुसऱ्या एका रोगाच्या बाबतीत अगदी नेमका होता. तो रोग साथीसारखा गाजावाजा करत येत नव्हता. तो चाळीतल्या खोल्यांत आधीपासूनच होता, वर्षभर माणसे मारत होता आणि आजही मारतो आहे. तो म्हणजे क्षय.

काठी आणि सावली

ट्रस्टचे पुढचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी पाडापाडीवरचा भर कमी करण्याचा आग्रह धरला. आहेत त्या इमारतींत सुधारणा करा, शहराच्या उत्तरेला मोकळ्या जमिनीवर नव्या वसाहती आखा आणि नवी इमारत कशी असावी याचे कडक नियम करा, असे त्यांचे म्हणणे होते. १९१२ मध्ये मुंबईच्या घरांतल्या उजेड आणि हवेवर त्यांनी एक व्याख्यान दिले. त्यातला गाभा एका आकड्यात सांगता येतो : ६३.५ अंश.

नियम असा. खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोर वरच्या दिशेने ६३.५ अंशांच्या कोनात एक रेषा काढा. समोरची इमारत त्या रेषेच्या वर डोके काढता कामा नये. म्हणजे प्रत्येक खोलीच्या वाट्याला आकाशाचा एक किमान तुकडा येईल.

हा विचित्र आकडा आला कुठून? शाळेतली त्रिकोणमिती आठवा. ६३.५ अंशांचे ‘टॅन’ जवळजवळ दोन येते. म्हणजे नियमाचा साधा अर्थ, समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून जास्त नको. इमारत २० फूट उंच असेल तर १० फूट मोकळे सोडा, ४० फूट असेल तर २० फूट. गवंड्यालाही दोरीने मोजता येईल असा हा नियम होता.

दादर-माटुंग्याच्या ट्रस्टच्या योजनांत हा विचार जमिनीवर उतरला. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, किंग्ज सर्कलचा परिसर इथून आजही चालत गेलात तर फरक डोळ्यांना दिसतो. दोन इमारतींत खरीखुरी मोकळी जागा, रस्त्याला झाडे, खिडकीतून दिसणारे आकाश. अर्थात या वसाहती प्रामुख्याने मध्यमवर्गाच्या वाट्याला आल्या. गिरणी कामगार आणि सफाई कामगार यांच्या वाट्याला आल्या बीआयटी चाळी. तिथली खोली लहानच होती, पण व्हरांडा आणि खिडकी होती. परळच्या अशाच चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर दोन दशकांहून अधिक काळ राहिले.

खोलीत जंतू किती वेळ राहतो?

६३.५ अंशांमागचे विज्ञान आज आपल्याला ऑरसाहेबांपेक्षा जास्त समजते. फुप्फुसाचा क्षय झालेला माणूस खोकतो तेव्हा अतिसूक्ष्म तुषार बाहेर पडतात. त्यांतले पाणी क्षणात उडते आणि जंतूसह उरलेला कण इतका हलका असतो की तो कित्येक तास हवेत तरंगत राहू शकतो. रुग्ण कामाला निघून गेला तरी त्याने सोडलेली हवा खोलीतच असते आणि घरातले मूल ती श्वासात घेत राहते.

ही हवा बाहेर घालवण्याचा वेग ‘दर तासाला हवा किती वेळा बदलते’ या मापाने मोजतात. खोलीएवढी ताजी हवा एकदा आत येऊन नीट मिसळली की तरंगणाऱ्या कणांपैकी सुमारे ६३ टक्के बाहेर जातात, दोनदा आली की सुमारे ८६ टक्के. पेरूची राजधानी लिमा इथल्या आठ रुग्णालयांत झालेला आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास यासाठी प्रसिद्ध आहे. दारे-खिडक्या उघड्या असताना तिथल्या खोल्यांत हवा तासाला साधारण २८ वेळा बदलत होती. आधुनिक यंत्रांनी हवा खेळवणाऱ्या खोल्यांत हे प्रमाण १२ होते. गंमत म्हणजे उंच छत आणि मोठ्या खिडक्यांचे पन्नास वर्षांहून जुने वॉर्ड नव्या वॉर्डांपेक्षा सरस ठरले.

उन्हाचे काय? क्षयाचा जंतू शोधणारे रॉबर्ट कॉख यांनीच १८९० मध्ये सांगितले होते की थेट ऊन या जंतूला काही मिनिटांत ते काही तासांत मारते. मात्र काचेतून गाळून आलेल्या उन्हात ही शक्ती फार कमी उरते, हेही लक्षात ठेवले पाहिजे. खोलीतला उजेड जंतू मारतो असे समजणे पूर्ण खरे नाही. पण ज्या खिडकीतून आकाश दिसते त्याच खिडकीतून सहसा वाराही येतो. उजेड हा मोकळ्या जागेचा साक्षीदार असतो.

गोवंडीची भूमिती

आता पुन्हा त्या ट्यूबलाइटच्या घराकडे येऊ. मुंबईच्या एम-पूर्व विभागातल्या लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजी कॉलनी या तीन पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था आणि आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी केला. पहिल्या दोन वसाहतींत इमारती एकमेकींना अगदी खेटून आहेत, मधले अंतर जेमतेम तीन मीटर. तिसऱ्या वसाहतीत इमारतींची मांडणी तुलनेने मोकळी आहे. पहिल्या दोन ठिकाणी क्षयाचे प्रमाण तिसरीपेक्षा कितीतरी जास्त आढळले. उजेड आणि हवा न पोहोचणाऱ्या घरांत, विशेषतः खालच्या मजल्यांवर, धोका अधिक दिसला.

इथे ऑरसाहेबांची दोरी लावून पाहा. तळमजला आणि वर सात मजले, म्हणजे सुमारे २४ मीटर उंची धरू. उंचीच्या निम्मे अंतर हवे, म्हणजे १२ मीटर. आहे तीन. तीन मीटरच्या फटीत नियम पाळला जातो तो फक्त वरच्या सहा मीटरपुरता, म्हणजे सर्वांत वरच्या दोन मजल्यांसाठी. त्याखालचे सहा मजले १९१२ च्या मोजमापानेही राहण्यास अपुरे ठरले असते.

हे कायदा मोडून झाले का? नाही, आणि खरी बोच तिथेच आहे. पुनर्वसनाच्या इमारती परवडाव्यात, कमी जागेत जास्त कुटुंबे बसावीत, म्हणून त्यांना मोकळ्या जागेच्या नियमांत सवलती दिल्या गेल्या. सवलत हा चांगला शब्द आहे. पण ती सवलत इमारत बांधणाऱ्याला मिळाली आणि तिची किंमत आत राहायला आलेल्याने फुप्फुसाने चुकवली. झोपडीतून पक्क्या घरात जाणे ही आयुष्यभराची कमाई असते. ते घरच आजाराचे कारण ठरू नये, एवढी अपेक्षा फार नाही.

अर्थात क्षयाचा सारा दोष भिंतींना देणे बरोबर नाही. कुपोषण, एका खोलीत सात-आठ माणसे, मधुमेह, तंबाखू, निदानाला उशीर, औषधे मध्येच सोडणे ही कारणे तितकीच मोठी आहेत. झारखंडमधल्या ‘रेशन्स’ या चाचणीत रुग्णांच्या कुटुंबीयांना पोषक शिधा दिल्यावर त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटले. ताटातले बदलता येते, औषध बदलता येते. दोन इमारतींमधले अंतर मात्र एकदा चुकले की पन्नास वर्षे चुकलेलेच राहते. म्हणूनच ते ठरवताना जास्त विचार हवा.

निर्णय कुठे होतो?

१९३३ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट मुंबई महापालिकेत विलीन झाला. महापालिकेची ‘सुधार समिती’ हा त्याचाच वारसा. भूखंड, आरक्षणे, भाडेपट्टे, जमीन संपादन यांचे प्रस्ताव तिच्यासमोर येतात. खर्चाची मंजुरी स्थायी समिती देते. विभागातली कामे प्रभाग समितीत चर्चिली जातात. पण आज शहरात जमिनीबद्दल निर्णय घेणारी महापालिका एकटी नाही. एमएमआरडीए आहे, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आहे, म्हाडा आहे. प्रत्येकाची हद्द वेगळी, नियम वेगळे. मार्च २०२२ मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपल्यावर तर काही वर्षे कारभार प्रशासकाच्याच हाती होता. त्या काळात समित्यांत प्रश्न विचारायला लोकप्रतिनिधी नव्हते.

या सगळ्या टेबलांवर वाहतुकीचा अहवाल येतो, अग्निशमन दलाचा दाखला येतो, झाडे तोडायची तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. ‘या आराखड्यामुळे इथे राहणाऱ्यांच्या आरोग्यावर काय परिणाम होईल’ असे विचारणारा कागद मात्र सहसा नसतो. रस्त्याचा पदपथ अर्धा करून गाड्यांना जागा दिली, तर त्या भागातले मधुमेही आणि ज्येष्ठ फिरणे सोडतील का? उड्डाणपूल घरांच्या खिडक्यांना खेटून गेला, तर धूर आणि आवाज किती वाढेल? इमारतीची उंची वाढवली, तर मागच्या रांगेतल्या घरांचे आकाश किती कमी होईल? यांतला कुठलाही प्रश्न अवघड नाही. ते विचारण्याची जबाबदारी कुणाचीच नाही, ही अडचण आहे.

ट्रस्टच्या काळात विज्ञान अपुरे होते, पण आरोग्याचा प्रश्न पहिल्या पानावर होता. आज विज्ञान पुरेसे आहे आणि तो प्रश्न शेवटच्या पानावरही नाही. त्या मंडळाची दुसरी चूकही आपण सुधारलेली नाही. ज्यांना तिथे राहायचे आहे त्यांना आजही बहुधा चावी मिळते, नकाशा दाखवला जात नाही.

आपल्या हाती काय?

बरेच काही आहे. पहिली गोष्ट, आपल्या इमारतीचा किंवा वसाहतीचा पुनर्विकास होणार असेल तर कार्पेट एरिया किती वाढला, यापाठोपाठ दुसरा प्रश्न विचारा : शेजारच्या इमारतीपासून अंतर किती आणि तिची उंची किती? उंचीच्या निम्मे अंतर ही जुनी कसोटी लक्षात ठेवा. ती आजच्या नियमांत बसेलच असे नाही, पण आपल्याला काय मिळते आहे आणि काय जाते आहे, हे तिच्यावरून पाच मिनिटांत कळते.

विकास आराखड्यात किंवा रस्त्याच्या आखणीत बदल होणार असेल तेव्हा हरकती आणि सूचनांसाठी मुदत जाहीर होते. बहुतेक हरकती मालमत्तेच्या असतात. आरोग्याच्या मुद्द्यावर, मोजमापासह, गृहनिर्माण संस्थेच्या सहीने दिलेली हरकत वेगळी उठून दिसते. तिची पोच घ्यायला विसरू नका.

घर आहे तसेच असेल, तर तेवढ्यात करण्यासारखेही आहे. खोलीच्या मागच्या भिंतीपाशी उभे राहून खिडकीतून आकाश दिसते का पाहा. दिसत नसेल तर त्या खोलीत रुग्णाला किंवा लहान मुलाला झोपवू नका. घरात जास्त हवेशीर कोपरा असेल तो त्यांना द्या. समोरासमोरची दारे-खिडक्या दिवसातून काही वेळा एकत्र उघडा. एकच खिडकी असेल तर पंखा खिडकीत बाहेरच्या दिशेने तोंड करून ठेवा म्हणजे आतली हवा बाहेर ढकलली जाईल. डासांची जाळी धुळीने भरली की वारा अडवते, ती महिन्यातून एकदा धुवा. खिडकी बंद ठेवण्याचे कारण हाऊसगल्लीतला कचरा असेल, तर ती गल्ली साफ करून घेणे हा स्वच्छतेचा विषय नुसता नाही, फुप्फुसाचा आहे. विभाग कार्यालयात तक्रार करताना तसेच लिहा.

आणि दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळी बारीक ताप, वजन घटणे, रात्री घाम किंवा थुंकीतून रक्त असे काही असेल तर थांबू नका. महापालिकेच्या आणि सरकारी केंद्रांत थुंकीची तपासणी व औषधे मोफत मिळतात. उपचार सुरू असलेल्या रुग्णाला पोषणासाठी ‘निक्षय पोषण योजने’तून दरमहा एक हजार रुपयेही मिळतात. उपचार नीट सुरू झाले की रुग्णाकडून होणारा संसर्ग झपाट्याने कमी होतो. त्यामुळे लवकर निदान हे घरातल्या सगळ्यांचेच संरक्षण आहे.

प्रिन्सेस स्ट्रीटवरून पुढच्या वेळी जाल तेव्हा क्षणभर पश्चिमेकडे तोंड करून उभे राहा. तो वारा तिथे यावा म्हणून कुणीतरी ठराव केला होता, नकाशा काढला होता, कर्ज उभारले होते. त्यासाठी कुणाची तरी खोलीही गेली होती. शहरातला वारा आणि उजेड निसर्ग देतो हे खरे, पण ते कुणाच्या घरात शिरतील हे मंडळे, समित्या आणि प्राधिकरणे ठरवतात. गोवंडीतल्या त्या घरात दुपारची ट्यूबलाइट बंद व्हायची असेल, तर तिचा खटका त्या टेबलावरच आहे.